'ड' जीवनसत्त्व आणि करोना : आशा, प्रयोग आणि निष्कर्ष

करोनाच्या साथीत ज्या वस्तू घरोघरी येऊन पोहोचल्या, त्यांत वाफेचे यंत्र, ऑक्सिमीटर आणि 'ड' जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांचा क्रम वरचा होता. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जस्त आणि 'क' जीवनसत्त्वाच्या जोडीने 'ड' जीवनसत्त्वही अनेकांच्या नित्य औषधांत जाऊन बसले. कोणी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घेतले, कोणी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, तर कोणी मोबाइलवर आलेल्या संदेशावर विसंबून. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी जाहीर केलेली जागतिक आरोग्य आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपुष्टात आली. गोळ्यांची सवय मात्र अनेक घरांत टिकून राहिली. या जीवनसत्त्वाने करोनाचा संसर्ग टळला का, आजाराची तीव्रता कमी झाली का आणि मृत्यू वाचले का, या प्रश्नांची उत्तरे देऊ शकतील असे प्रयोग आता बऱ्याच संख्येने पूर्ण झाले आहेत. त्यांचे निष्कर्ष समजून घेणे साथ ओसरल्यानंतरही तितकेच आवश्यक आहे.

जीवनसत्त्व की संप्रेरक?

'ड' जीवनसत्त्व इतर जीवनसत्त्वांहून वेगळे आहे. ते मुख्यत्वे अन्नातून मिळत नाही. शरीर ते स्वतः तयार करते. सूर्यप्रकाशातील अतिनील 'ब' किरण त्वचेवर पडले की त्वचेतील कोलेस्टेरॉलसदृश घटकाचे 'ड-३' जीवनसत्त्वात रूपांतर होते. हे द्रव्य यकृतात गेल्यावर त्याचे पहिले रूपांतर होते आणि मूत्रपिंडात दुसरे. दुसऱ्या रूपांतरानंतर जे क्रियाशील द्रव्य तयार होते, ते एखाद्या संप्रेरकाप्रमाणे काम करते. आतड्यांतून कॅल्शियम आणि फॉस्फरस शोषले जाण्यासाठी ते आवश्यक असते. त्याच्या अभावी लहान मुलांना मुडदूस होतो आणि प्रौढांची हाडे मऊ पडतात.

रक्ततपासणीत मोजले जाते ते यकृतात तयार होणारे पहिले रूप. त्याचे प्रमाण दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या वर असले, तर हाडांच्या आरोग्याच्या दृष्टीने ते बहुतेकांना पुरेसे असते, असे अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० मध्ये दिलेल्या अहवालात म्हटले होते. काही तज्ज्ञ ही मर्यादा ३० मानत आले. मर्यादा बदलली की 'कमतरता असलेल्यांची' संख्याही बदलते. त्यामुळे अमुक टक्के लोकसंख्येत कमतरता आहे, असे विधान वाचताना मर्यादा कोणती धरली, हे पाहावे लागते.

संसर्गाशी संबंध कसा जोडला गेला?

मुडदुसावरील संशोधनातूनच या जीवनसत्त्वाचा शोध लागला. इंग्लंडमधील एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग करून आहार आणि मुडदूस यांचा संबंध दाखवला. अमेरिकेतील एल्मर मॅक्कोलम यांनी १९२२ मध्ये कॉड माशाच्या यकृताच्या तेलातील मुडदूस बरा करणारा घटक 'अ' जीवनसत्त्वाहून वेगळा असल्याचे सिद्ध केले. पुढे त्याला 'ड' हे अक्षर मिळाले. मात्र त्यापूर्वीही हेच तेल क्षयरोग्यांना दिले जात असे. क्षयरोगावर प्रभावी औषधे नव्हती, त्या काळी आरोग्यधामांत रुग्णांना मोकळ्या हवेत आणि उन्हात ठेवण्याची पद्धत होती. ऊन आणि रोगप्रतिकार यांचा काही संबंध असावा, ही कल्पना अशी जुनीच आहे.

२००६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी या कल्पनेला प्रयोगशाळेतील आधार दिला. क्षयाच्या जंतूंशी सामना करणाऱ्या मानवी भक्षक पेशींमध्ये 'ड' जीवनसत्त्वाच्या साहाय्याने कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक द्रव्य तयार होते, असे त्यांना आढळले. त्यानंतर २०१७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २५ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. 'ड' जीवनसत्त्वाची पूरक मात्रा घेणाऱ्यांत श्वसनमार्गाचे तीव्र संसर्ग काहीसे कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष होता. हा लाभ रोज किंवा दर आठवड्याला लहान मात्रा घेणाऱ्यांत दिसला. मोठ्या मात्रा एकदम घेणाऱ्यांत दिसला नाही. ज्यांच्या रक्तातील प्रमाण मुळातच फार कमी होते, त्यांना तो सर्वाधिक झाला.

तीन वर्षांनी करोना आला तेव्हा संशोधकांसमोर हे विश्लेषण होते. हे द्रव्य स्वस्त आहे, जगभर मिळते आणि योग्य मात्रेत सुरक्षित आहे. लस नव्हती, खात्रीचे औषध नव्हते. अशा वेळी त्याच्याकडे लक्ष वळणे स्वाभाविक होते.

निरीक्षणांतून वाढलेली आशा

साथीच्या पहिल्या काही महिन्यांतच अनेक देशांतून एकसारखी माहिती येऊ लागली. गंभीर आजारी असलेल्या करोना रुग्णांच्या रक्तात 'ड' जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी आढळत होते. शिकागोतील ४८९ जणांच्या अभ्यासात, ज्यांना आधीपासून कमतरता असण्याची शक्यता होती त्यांच्यात करोनाची चाचणी सकारात्मक येण्याचा धोका इतरांच्या पावणेदोन पट दिसला. हा अभ्यास सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई आणि कृष्णवर्णीय समाजांत मृत्यूंचे प्रमाण अधिक होते. सावळ्या त्वचेत, विशेषतः उत्तरेकडील मंद सूर्यप्रकाशात, हे जीवनसत्त्व कमी तयार होते. त्यामुळे हेच मृत्यूंचे कारण असावे, असा तर्क मांडला गेला. ब्रिटनमधील भारतीय कुटुंबांत त्याची मोठी चर्चा झाली.

परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे त्यातील एक दुसरीचे कारण ठरते, असे नाही. वृद्ध माणूस घराबाहेर कमी पडतो, म्हणून त्याचे 'ड' जीवनसत्त्व कमी असते. आणि वयामुळेच त्याला करोना अधिक त्रास देतो. स्थूल व्यक्तीच्या शरीरातील चरबी हे जीवनसत्त्व साठवून घेते, म्हणून रक्तातील प्रमाण कमी दिसते. आणि स्थूलता हा करोनाचा स्वतंत्र धोका आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, गरिबी यांबाबतही हेच म्हणता येते. शिवाय शरीरात तीव्र दाह सुरू झाला की या जीवनसत्त्वाचे रक्तातील प्रमाण आपोआप घसरते. म्हणजे रुग्णालयात दाखल झाल्यावर मोजलेले कमी प्रमाण हे आजाराचे कारण नसून परिणामही असू शकते.

ही शंका खरी ठरवणारे पुरावे लवकरच आले. 'यूके बायोबँक' या प्रकल्पातील सुमारे साडेतीन लाख लोकांच्या माहितीचा अभ्यास झाला. त्यात प्रथमदर्शनी दिसलेला संबंध वय, वजन, आर्थिक स्थिती आदी घटक हिशेबात घेताच नाहीसा झाला. वांशिक गटांतील फरकाचे स्पष्टीकरणही त्यातून मिळाले नाही. जन्मतः 'ड' जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी ठेवणाऱ्या जनुकांचा आधार घेऊन ११ देशांतील माहितीचे विश्लेषण २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. अशी जनुके असलेल्यांना करोनाचा धोका अधिक असल्याचा पुरावा त्यातही आढळला नाही.

प्रयोगांची कसोटी

अशा प्रश्नाचा निवाडा करण्याचा विश्वासार्ह मार्ग एकच असतो. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडायचे. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी द्यायची. आणि कोणाला काय मिळाले हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही शेवटपर्यंत कळू द्यायचे नाही. याच पद्धतीने गट पाडून जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' प्रयोगात डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाची उपयुक्तता सिद्ध झाली. कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्णांचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले. 'ड' जीवनसत्त्वाबाबतही असेच काही घडेल, अशी अपेक्षा होती.

पहिली बातमी उत्साहवर्धक होती. स्पेनमधील कोर्दोबा येथे ७६ रुग्णांवर प्रयोग झाला. 'ड' जीवनसत्त्वाचे यकृतात तयार होणारे रूप, म्हणजे कॅल्सिफेडिऑल, ५० जणांना देण्यात आले. त्यांपैकी केवळ एकाला अतिदक्षता विभागात हलवावे लागले. ते न मिळालेल्या २६ जणांपैकी १३ जणांना हलवावे लागले. हा फरक थक्क करणारा होता. परंतु प्रयोग लहान होता, कोणाला काय मिळाले हे डॉक्टरांना ठाऊक होते आणि दोन्ही गटांतील रुग्णांचे मूळ आजारही सारखे नव्हते. त्यानंतर बार्सिलोनातील एका मोठ्या अभ्यासाचा प्राथमिक मसुदा २०२१ च्या आरंभी बराच गाजला. मात्र रुग्णांची विभागणी व्यक्तिशः न होता रुग्णालयातील कक्षांनुसार झाल्याचे स्पष्ट होताच तो मसुदा संकेतस्थळावरून हटवण्यात आला.

भारतात चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत सौम्य किंवा लक्षणरहित संसर्ग आणि 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या ४० जणांवर प्रयोग झाला. १६ जणांना सात दिवस रोज ६० हजार एकके देण्यात आली. तीन आठवड्यांच्या आत त्यांपैकी १० जणांची चाचणी नकारात्मक आली. दुसऱ्या गटातील २४ पैकी केवळ पाच जणांची आली. निष्कर्ष लक्षवेधी असला, तरी गंभीर आजार किंवा मृत्यू टळतात का, हे इतक्या लहान आणि मुळात सौम्य आजार असलेल्या गटावरून सांगता येणे शक्य नव्हते.

त्यापेक्षा मोठ्या प्रयोगांचे चित्र निराळे होते. ब्राझीलमधील साओ पाउलो येथे २४० रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच दिलेल्या दोन लाख एककांमुळे रक्तातील प्रमाण वाढले. पण रुग्णालयातील मुक्काम कमी झाला नाही आणि मृत्यूही घटले नाहीत. अर्जेंटिनात पाच लाख एककांची एकच मात्रा देऊनही लाभ दिसला नाही. फ्रान्समध्ये २५४ वृद्ध रुग्णांपैकी काहींना चार लाख, तर काहींना ५० हजार एकके देण्यात आली. मोठी मात्रा घेतलेल्यांत १४ व्या दिवसापर्यंतचे मृत्यू कमी होते. २८ व्या दिवसापर्यंत हा फरक उरला नाही.

हे सारे उपचारांविषयी झाले. प्रतिबंधासाठीचे दोन मोठे प्रयोग सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटनमधील 'करोनाविट' प्रयोगात ६,२०० जण सहभागी झाले. निम्म्यांना रक्ततपासणी करून, प्रमाण कमी असल्यास रोज ३,२०० किंवा ८०० एकके सहा महिने देण्याची तयारी दाखवण्यात आली. उरलेल्यांना तसे काही देऊ करण्यात आले नाही. श्वसनमार्गाचा तीव्र संसर्ग मोठ्या मात्रेच्या गटात ५.७ टक्के, लहान मात्रेच्या गटात ५.० टक्के आणि काहीही न दिलेल्या गटात ४.६ टक्के जणांना झाला. म्हणजे लाभ दिसला नाही. नॉर्वेत ३४ हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांना हिवाळ्यात रोज पाच मिलिलिटर कॉड माशाचे तेल आणि उरलेल्यांना मक्याचे तेल देण्यात आले. करोनाच्या संसर्गात किंवा गंभीर आजारात दोन्ही गटांत फरक पडला नाही.

याला एक अपवाद नोंदवला पाहिजे. मेक्सिको सिटीतील रुग्णालयांत काम करणाऱ्यांना महिनाभर रोज ४,००० एकके दिली असता त्यांच्यातील संसर्ग ६.४ टक्के राहिला; दुसऱ्या गटात तो २४.५ टक्के होता. हा प्रयोग लसीकरणापूर्वीचा आणि संसर्गाच्या अतितीव्र संपर्कात असलेल्या लोकांवरचा होता. मात्र त्यातील अनेक जण प्रयोग पूर्ण होण्यापूर्वीच बाहेर पडले.

निष्कर्ष वेगवेगळे का?

या विसंगतीची काही कारणे देता येतात. नॉर्वेतील बहुतेक सहभागींच्या रक्तात 'ड' जीवनसत्त्व आधीपासूनच पुरेसे होते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतल्याने काही साधत नाही. ब्रिटनमधील प्रयोगाच्या काळात लसीकरण सुरू झाले होते आणि काही न दिलेल्या गटातील काही जण स्वतःहून गोळ्या घेत होते. रुग्णालयात दाखल होईपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. अशा वेळी दिलेल्या साध्या 'ड-३' चे क्रियाशील रूप होण्यास काही दिवस जातात. त्यामुळे ज्यांच्यात तीव्र कमतरता आहे, अशा लोकांना नियमित लहान मात्रेचा थोडा लाभ होत असेल, ही शक्यता पूर्णपणे फेटाळता येत नाही.

तथापि, श्वसनविकारांविषयीचा मूळ आधारही काळाबरोबर कमकुवत होत गेला. २०१७ च्या विश्लेषणात दिसलेला लाभ २०२१ मध्ये अधिक प्रयोगांची भर पडताच घटला आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अद्ययावत विश्लेषणात तो संख्याशास्त्रीय दृष्ट्या सिद्ध होऊ शकला नाही. मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांना तीन वर्षे दर आठवड्याला हे जीवनसत्त्व देऊनही क्षयाचा संसर्ग कमी झाला नाही, हे २०२० मध्येच स्पष्ट झाले होते. या मुलांत तर कमतरतेचे प्रमाण मोठे होते.

शासकीय यंत्रणांची भूमिका

ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये मार्गदर्शन जाहीर केले. केवळ करोना टाळण्यासाठी किंवा बरा करण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व देऊ नये. प्रयोगाचा भाग म्हणून दिल्यास हरकत नाही, असे त्यात म्हटले होते. त्याच हिवाळ्यात इंग्लंडमध्ये अतिजोखमीच्या लोकांना रोजच्या ४०० एककांच्या गोळ्या मोफत देण्यात आल्या. या दोन गोष्टींत विरोध नव्हता. घरात कोंडलेल्या माणसांची हाडे आणि स्नायू सुस्थितीत राहावेत, हा गोळ्यांमागील हेतू होता. भारतात केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने मे २०२१ च्या अखेरीस सुधारित सूचना काढल्या. लक्षणरहित आणि सौम्य रुग्णांच्या उपचारांतून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि आयव्हरमेक्टिनबरोबर बहुजीवनसत्त्वे आणि जस्तही त्यात वगळण्यात आले. दुसऱ्या लाटेत मात्र असंख्य रुग्णांनी ती आधीच घेतलेली होती.

अति तेथे माती

'जीवनसत्त्वच आहे, अपाय काय होणार', हा समज धोक्याचा आहे. 'क' जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि जादा झालेले बहुतांशी मूत्रावाटे निघून जाते. 'ड' जीवनसत्त्व चरबीत साठते. ते प्रमाणाबाहेर साचले की रक्तातील कॅल्शियम वाढते. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, अतिशय तहान, वारंवार लघवी, अशक्तपणा आणि मानसिक गोंधळ ही त्याची लक्षणे. मूत्रपिंडात खडे होऊ शकतात आणि प्रसंगी मूत्रपिंड निकामीही होऊ शकते.

भारतात प्रचलित असलेली ६० हजार एककांची पुडी किंवा कॅप्सूल कमतरता भरून काढण्यासाठी साधारणतः आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोज घेतल्यामुळे किंवा मुदत संपूनही चालू ठेवल्यामुळे विषबाधा झालेल्या रुग्णांच्या नोंदी भारतीय वैद्यकीय साहित्यात आहेत. एकदम मोठी मात्रा घेतल्याने अधिक लाभ होतो, हेही खरे नाही. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख एकके देण्यात आली, तेव्हा त्यांच्यात पडण्याचे आणि हाडे मोडण्याचे प्रमाण कमी न होता वाढले. हा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता.

उन्हाच्या देशातील कमतरता

करोनावर इलाज ठरले नाही, म्हणून हे जीवनसत्त्व बिनमहत्त्वाचे ठरत नाही. दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धडधाकट शहरी लोकांतही त्याचे प्रमाण कमी आढळले. उन्हात वावरणाऱ्या सैनिकांची स्थिती तुलनेने चांगली होती. दिल्लीतीलच प्रदूषित वस्तीतील बालकांत ते स्वच्छ वस्तीतील बालकांपेक्षा कमी असल्याचे २००२ मध्ये दिसून आले. सावळी त्वचा, अंगभर कपडे, बंदिस्त कार्यालये आणि धुरकट हवा या साऱ्यांचा तो एकत्रित परिणाम आहे.

सकाळचे कोवळे ऊन यासाठी उत्तम, हा आपल्याकडील रूढ समज येथे कामी येत नाही. सूर्य क्षितिजाजवळ असताना अतिनील 'ब' किरण जमिनीपर्यंत फारसे पोहोचत नाहीत. स्वतःची सावली उंचीपेक्षा आखूड पडते, त्या वेळचे ऊन उपयोगाचे असते. मात्र ते थोडाच वेळ आणि सोसवेल इतकेच घ्यावे. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा या कामी उपयोग होत नाही. आहारात तेलकट मासे आणि अंड्याचा बलक यांत हे जीवनसत्त्व असते. शाकाहारी आहारात ते फारच थोडे असल्याने 'एफ' अक्षर आणि अधिकचे चिन्ह छापलेल्या पोषणवर्धित दूध व खाद्यतेलाची निवड करता येते.

कोणी काय करावे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये प्रौढांसाठी रोज ६०० एककांची शिफारस केली असून ४,००० एकके ही वरची मर्यादा मानली आहे. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ च्या मार्गदर्शनात, ७५ वर्षांखालील निरोगी प्रौढांनी शिफारशीपेक्षा अधिक मात्रा घेण्याचे किंवा सरसकट रक्ततपासणी करण्याचे कारण नाही, असे म्हटले आहे. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वयोवृद्ध आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले लोक यांचा विचार तिने स्वतंत्रपणे केला आहे.

हाडे दुखणे, स्नायूंची अशक्तता, वारंवार हाड मोडणे, मूत्रपिंड वा यकृताचा विकार अशा कारणांनी डॉक्टरांनी गोळ्या सांगितल्या असतील, तर त्या नेमक्या मात्रेत आणि मुदतीत घ्याव्यात. करोनापासून संरक्षण म्हणून कधी काळी सुरू केलेली मोठी मात्रा अद्याप चालू असेल, तर ती कशासाठी चालू आहे, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना अवश्य विचारावे. गंभीर आजार आणि मृत्यू टाळण्यात लशींनी आणि योग्य वेळी मिळालेल्या रुग्णालयीन उपचारांनी जे साधले, ते या गोळीने साधल्याचा पुरावा नाही. तिचे काम हाडांचे आहे आणि ते काम ती आजही चोख करते.